उंबरठ्यावरचा गायक : वुडी गथ्रीचे आत्मकथन आणि त्याचे यजमान

फिरत्या गायकाचे आत्मकथन समीक्षेने आपल्या कोष्टकात कोठे बसवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रवासवर्णनकार पाहावयास निघालेला असतो. जे पाहिले ते सांगण्याची त्याला उत्सुकता असते. आत्मचरित्रकार आपण कसकसे घडत गेलो ह्याचा शोध घेतो. खांद्याला गिटार अडकवून गावोगाव हिंडणाऱ्या माणसाची निकड ह्या दोघांहून वेगळी आणि पुष्कळ अंशी अधिक प्राथमिक असते. आज रात्री पाठ टेकावयाची कोठे, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणा अनोळखी गृहस्थाच्या, बहुधा गृहिणीच्या, हाती असते. त्यामुळे अशा लेखनाची परीक्षा करताना लेखकाने रस्ता कसा रंगविला ह्यापेक्षा त्याने दार कसे रंगविले हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

वुडी गथ्रीचे ‘बाउंड फॉर ग्लोरी’ हे १९४३ साली न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालेले आत्मकथन बहुधा दुसऱ्याच कारणांसाठी वाचले जाते. अमेरिकेतील मंदीच्या काळाचा दस्तऐवज म्हणून ते वाचतात. धुळीच्या वादळांनी उठविलेल्या शेतकऱ्यांची कहाणी म्हणून, स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ह्या १९३९ च्या कादंबरीचे जणू आतल्या माणसाने लिहिलेले पुरवणी प्रकरण म्हणून वाचतात. आणि पुढे बॉब डिलनने गथ्रीला गुरुस्थानी मानल्यामुळे एका गायनसंप्रदायाचा आद्यग्रंथ म्हणूनही वाचतात. ह्या वाचनांत वावगे काही नाही. मात्र पुस्तकाची वीण ज्या एका अनुभवाने घट्ट झाली आहे, तो अनुभव ह्या सर्वांच्या नजरेतून निसटतो. परक्याच्या दारात उभे राहणे, आत घेतले जाणे किंवा न घेतले जाणे, आणि आत घेतले गेल्यावर त्या घराचे आपण काय देणे लागतो ह्याचा मनाशी हिशेब करणे, हा तो अनुभव होय. पुस्तकाचे सामर्थ्य आणि त्याची सर्वांत मोठी उणीव, दोन्ही येथेच सापडतात.

गथ्रीचा जन्म १४ जुलै १९१२ चा, ओक्लाहोमा संस्थानातील ओकीमा ह्या लहान गावचा. बाप जमिनीच्या खरेदी-विक्रीत कधी वर चढणारा, कधी कोसळणारा. थोरली बहीण क्लारा १९१९ मध्ये भाजून मेलेली. आईला हंटिंग्टनचा आनुवंशिक मज्जाविकार, ज्याला त्या गावात वेड ह्याखेरीज दुसरे नाव नव्हते. १९२७ मध्ये आईला वेड्यांच्या रुग्णालयात नेल्यावर आणि भाजलेल्या बापाला टेक्ससमध्ये नातलगांकडे पोचविल्यावर हा पोरगा गावातच मागे राहिला आणि ह्या त्या घरी, मित्रांच्या आयांच्या हातचे जेवून, मुलांनी उभारलेल्या फळ्यांच्या खोपटात झोपून वाढला. पुढे ज्याला त्याचे भटके जीवन म्हणतात, त्याची खरी सुरुवात मालगाडीत नव्हे तर येथे, जन्मगावीच झाली. स्वतःचे घर मोडल्यामुळे तो स्वतःच्याच गावात पाहुणा झाला. चरित्रकारांना जी घटना दुःखद पार्श्वभूमी वाटते, ती वस्तुतः ह्या पुस्तकाच्या दृष्टिकोनाची जननी आहे. पुढे हजारो मैलांवर कोठल्याही दारात गथ्री उभा राहिला, तरी त्याच्या पाहण्यात त्या पोराची पाहण्याची रीत कायम आहे. चूल पेटली आहे की नाही, घरात किती तोंडे आहेत आणि आपण मागितले तर कोणाच्या ताटातले कमी होईल, हे तो प्रथम टिपतो.

१९२९ मध्ये तो टेक्ससमधील पॅम्पा ह्या तेलाच्या गावी गेला. तेथे जेफ नावाच्या काकाने त्याला गिटारीवर बोटे ठेवावयास शिकविले. पाट्या रंगविण्याचे कामही तो ह्याच सुमारास करू लागला. ह्या दोन विद्यांतील फरक पुस्तकात कोठे स्पष्ट मांडलेला नाही. तरी तो जाणवल्यावाचून राहत नाही. कुंचल्याने पोट भरते. दुकानदार पाटी रंगवून घेतो, पैसे देतो, व्यवहार संपतो. रंगारी दुकानाच्या बाहेर उभा राहून काम करतो आणि बाहेरूनच निघून जातो. गिटारवाल्याला लोक आत बोलावतात. त्याला बसावयास काही तरी देतात, आपल्या आजीच्या आवडीचे गाणे येते का म्हणून विचारतात, आणि ते येत असेल तर जेवण झाल्याशिवाय सोडीत नाहीत. गाण्याची किंमत ठरलेली नसल्यामुळे व्यवहार पुरा होत नाही. तो उघडा राहतो, आणि त्या उघड्या फटीतून माणूस घरात शिरतो. याचक आणि अतिथी ह्यांच्यामधील अंतर गथ्रीच्या जगात एका लाकडी पेटीवरच्या सहा तारांएवढे आहे.

१४ एप्रिल १९३५ च्या रविवारी पॅम्पावर धुळीचा जो काळा डोंगर चालून आला, त्याच्या आठवणी त्या टापूतील सर्वांनीच सांगितल्या आहेत. त्यानंतर पश्चिमेकडे लागलेली माणसांची रीघ सर्वज्ञात आहे. ह्या माणसांचे स्वागत कसे झाले हे मात्र विसरले जाते. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजल्सच्या पोलिसप्रमुखाने आपल्या शहराचे १३६ पोलीस थेट कॅलिफोर्नियाच्या सीमेवर धाडले आणि खिशात पैसा नसलेल्या माणसांना परत फिरविण्याचा उद्योग काही आठवडे चालविला. एक संपूर्ण राज्य आपल्याच देशाच्या नागरिकांपुढे दार लावून घेते, ह्या गोष्टीची छाया गथ्रीच्या पुस्तकावर सर्वत्र आहे. तो स्वतः १९३७ मध्ये त्या वाटेने गेला.

कॅलिफोर्नियाकडे जातानाचा एक प्रसंग ह्या संदर्भात बारकाईने वाचण्याजोगा आहे. वाळवंटातील एका गावी मालगाडीतून उतरल्यावर गथ्री भुकेला आहे. काम करून जेवण मिळवावे, फुकट मागू नये, एवढा ताठा त्याच्यापाशी अजून शिल्लक आहे. तो प्रथम चांगल्या वस्तीत जातो, धर्मपीठांची दारे ठोठावतो, नीटनेटक्या घरांपुढील हिरवळी ओलांडतो. नकार मिळतात, ते उद्धट नसतात, बहुतेक सौजन्यपूर्णच असतात, आणि त्यांना कारणेही दिलेली असतात. मग तो रुळांच्या काठाच्या, फळ्या खिळखिळ्या झालेल्या घरांकडे वळतो आणि तेथे त्याला खावयास मिळते. ह्या प्रसंगाचा सारांश असा सांगितला म्हणजे तो भाबडा वाटतो : श्रीमंत निर्दय, गरीब उदार. दुबळ्या लेखकाच्या हाती तो तसाच झाला असता. गथ्रीने नकाराच्या भाषेकडे लक्ष दिले आहे म्हणून तो वाचला. ज्यांनी दार उघडले नाही ती माणसे दानधर्माविषयी, तत्त्वाविषयी, अशा येणाऱ्यांच्या एकंदर संख्येविषयी बोलतात. ज्यांनी उघडले ती भांड्यांविषयी, लाकडे फोडण्याविषयी, ताटात काय आहे ह्याविषयी बोलतात. एका बाजूस सामान्य नामे, दुसऱ्या बाजूस वस्तू. पानभर संवादात वर्गभेदाचे हे जे व्याकरण उमटले आहे, ते त्या काळच्या कितीतरी घोषणाबाज कादंबऱ्यांत सापडत नाही.

ह्याच प्रसंगाला जोडून टेकडीवरच्या घराचा प्रसंग वाचावयास हवा. सारा वाळवंट तुडवून गथ्री ज्या नातलगांच्या आशेवर कॅलिफोर्नियात आला, त्यांच्या घरापाशी तो अखेर पोचतो. घर संपन्न आहे. तेथील नीरव टापटीप पाहून त्याचा जीव गुदमरतो, आणि तो तेथे मुक्काम न करता उतारावरून परत फिरतो. येथे त्याला कोणी हाकललेले नाही; दार उघडण्याच्या बेतात असताना तो स्वतःच निघून गेला आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील पासष्टाव्या मजल्यावरच्या रेनबो रूम ह्या उपाहारगृहाचा प्रसंग ह्याचीच मोठी आवृत्ती होय. तेथे त्याची गायनपरीक्षा होते, गाणे पसंत पडते, आणि मग ह्या गावंढळ गायकाला कोणता पोशाख चढवावा ह्याची चर्चा त्याच्याच समोर सुरू होते. तो गिटार उचलून खाली येतो आणि रस्त्यावरच्या गर्दीत गात गात नदीकाठाकडे चालू लागतो. ह्या दोन्ही ठिकाणी गथ्री यजमानाची पारख करतो. घरात घेणाऱ्याने पाहुण्याला वेश बदलावयास लावू नये, हा त्याचा दंडक आहे, आणि तो त्याने कोणत्याही सौंदर्यशास्त्रीय परिभाषेवाचून मांडला आहे.

अनुवादकाच्या दृष्टीने हे पुस्तक अवघड आहे ते त्याच्या बोलीमुळे, असा सर्वसाधारण समज असतो. बोलीची अडचण खरीच. परंतु तिच्यावर तोडगा निघू शकतो. त्याहून मोठी अडचण सामाजिक संज्ञांची आहे. अमेरिकन बोलीत कामाच्या शोधात हिंडतो तो ‘होबो’, हिंडतो पण काम करीत नाही तो ‘ट्रॅम्प’, आणि जो हिंडतही नाही व कामही करीत नाही तो ‘बम’, अशी पायरी पायरीने उतरणारी प्रतवारी आहे. आणि पहिल्या पायरीवरच्या माणसाला तिसरे नाव लावल्यास तो हातघाईवर येतो. मराठीत ‘भटक्या’ म्हटले की जमात डोळ्यांपुढे येते, ‘फिरस्ता’त हौस डोकावते, ‘भणंग’ शिवी होते. दुसरी अडचण ‘यजमान’ ह्या शब्दाची. आपल्या यजमानाला यज्ञाचा आणि दक्षिणेचा वास आहे. तो देतो आणि देण्याने वर चढतो. ‘बिदागी’ ह्या सुंदर शब्दातही निरोप घेणाऱ्या कलावंताच्या हातावर ठेवणाऱ्याचा हात वरच असतो. गथ्रीच्या रुळाकाठच्या घरांत देणारा आणि घेणारा एकाच पायरीवर बसलेले असतात. उद्या जागा बदलतील ह्याची दोघांनाही जाणीव असते. हा समतल भाव सांगण्यासाठी मराठीत शब्दापेक्षा वाक्यरचनेचाच आधार घ्यावा लागेल, आणि ‘या, बसा’ ह्याऐवजी ‘ये, बस’ म्हणणाऱ्या घरांच्या भाषेत ते पान उतरवावे लागेल.

पुस्तकाचे दोष झाकण्याचे कारण नाही. ते लांबलेले आहे. बालपणाच्या प्रकरणांत मुलांच्या मारामाऱ्या इतक्या तपशिलाने येतात की वाचकाचा धीर सुटतो. लेखकाला एखादा आवाज सापडला की त्या आवाजाला तो आवरीत नाही. दोन वाक्यांत होणारे बोलणे दोन पाने चालते. शिवाय घटनांच्या सत्यतेविषयी फार विश्वास ठेवून चालणार नाही. पर्ल हार्बरच्या वेळी लॉस एंजल्सच्या गरीब वस्तीत एका जपानी जोडप्याच्या मद्यगृहावर जमाव चालून येतो आणि गथ्री, त्याचा जोडीदार सिस्को ह्यूस्टन व इतर काही माणसे हातांत हात गुंफून, गात त्या दारापुढे उभी राहतात, असा एक उत्कट प्रसंग पुस्तकात आहे. प्रत्यक्षात १९४१ च्या डिसेंबरात गथ्री न्यूयॉर्कमध्ये राहत होता. म्हणून प्रसंगाचे मोल नाहीसे होते असे नाही. उलट, लेखकाने काय रचावेसे वाटून घेतले ह्यावरून त्याचा ध्यास कळतो. इतरत्र दाराबाहेर उभा राहणारा गायक येथे दुसऱ्याचे दार राखण्यासाठी उभा राहिला आहे. पाहुण्याने यजमानाचे ऋण फेडावे अशी जी आस साऱ्या पुस्तकात दबून आहे, तिला कल्पनेने येथे वाट काढून दिली आहे. १९४२ च्या वसंतात कॅलिफोर्नियातील जपानी वंशाच्या कुटुंबांना सरकारने घरे सोडावयास लावून छावण्यांत नेण्यास आरंभ केला होता, आणि पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा ती कुटुंबे तेथेच होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या रचलेल्या प्रसंगाचे धैर्यही दिसते.

तथापि साऱ्या पुस्तकात श्रेष्ठ म्हणावे असे स्थळ दुसरेच आहे, आणि तेथे गथ्री गात नाही. उत्तर कॅलिफोर्नियात रेडिंगजवळ मोठे धरण बांधले जाणार म्हणून हजारो माणसे नदीकाठच्या झाडीत तळ देऊन राहिली आहेत. काम सुरू करण्याची तार आज येईल, उद्या येईल, म्हणून सारे वाट पाहत आहेत. पुठ्ठ्यांची, गोणपाटांची, पत्र्यांची घरे, डबक्याचे पाणी, उपाशी मुले. अशा ठिकाणी संध्याकाळच्या वेळी दोन लहान मुली गिटारीवर गाऊ लागतात. तळावरचा गलका हळूहळू विरतो, माणसे जमतात, बसतात. गथ्री त्या गर्दीत मागे उभा राहून ऐकतो. मुलींचे आवाज माणसांवर काय करतात हे तो सांगू लागतो तेव्हा त्याच्या गद्यातील सारा भपका गळून पडतो. येथे दारच नाही, कारण घर नाही. आणि तरीही आतिथ्य आहे. ज्यांच्यापाशी द्यावयास भाकरीचा तुकडा नाही, ती माणसे वाटसरूला आपल्या ऐकण्यात जागा करून देतात. गायकाला गाणे हे आपले चलन वाटत असते. ह्या प्रसंगी त्याला कळते की ते चलन यजमानांच्या घरीच पाडले जाते. गथ्रीने आपल्या बहुतेक गाण्यांच्या चाली जुन्या लोकगीतांतून घेतल्या होत्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्या घेण्याची नैतिक बाजू त्याने कोठे सांगितली असेल तर ती ह्या पानांत. त्या मुलींची नावे मात्र काळाच्या उदरात गेली. रुळाकाठच्या बायकांची गेली, वाटेत जवळची तंबाखू वाटून घेणाऱ्यांची गेली. गथ्रीच्या पुस्तकात आवाज पुष्कळ आहेत, नावे थोडी.

ह्याचे समर्थन करता येईल. मालगाडीत कोणी कोणाला पुरते नाव सांगत नाही. पोलिसांच्या भयाने तर नाहीच. समूहाचे चित्र काढणाऱ्याने व्यक्तींची यादी का द्यावी, असेही म्हणता येईल. परंतु हे समर्थन एका घराच्या बाबतीत अपुरे पडते, आणि ते घर गथ्रीचे स्वतःचे आहे.

१९३३ च्या ऑक्टोबरात पॅम्पा येथे त्याने मेरी जेनिंग्ज हिच्याशी लग्न केले होते. त्यांना १९३५, १९३७ आणि १९३९ मध्ये तीन मुले झाली. पुस्तकात गथ्री धुळीतून वाट काढीत पश्चिमेस जातो तेव्हा मागे एक तरुण पत्नी आणि मुले राहिली आहेत, हे वाचकाला जवळजवळ कळतच नाही. मेरीचा उल्लेख ओझरता येतो आणि विरून जातो. तीही पुढे कॅलिफोर्नियात आली, परत गेली, पुन्हा हलली; त्यातले काही पुस्तकात नाही. जो लेखक अनोळखी घरातील चुलीची स्थिती एका दृष्टिक्षेपात टिपतो, त्याने आपल्या चुलीकडे पाहिलेले नाही. हा आक्षेप गृहस्थधर्माच्या नावाने घेतला तर तो समीक्षेच्या कक्षेत येणार नाही. लेखक चांगला नवरा असला पाहिजे असा आग्रह कोणी धरू नये. धरल्यास ग्रंथालये ओस पडतील. येथील आक्षेप वाङ्मयीन आहे. ‘दार कोण उघडतो’ ह्या एका मापाने ज्या पुस्तकाने साऱ्या देशाला जोखले, ते पुस्तक ते माप आपल्या नायकाला लावावयाच्या क्षणी बाजूला ठेवते. त्यामुळे नायक सदैव पाहुणाच राहतो. यजमान होण्याची पाळी त्याच्यावर येतच नाही. समतल भाव म्हणून वर ज्याचे कौतुक केले, त्याला येथे तडा गेला आहे.

पुस्तकाबाहेरची एक हकीकत हा तडा अधिक उघड करते. १९४० च्या उन्हाळ्यात गथ्री आणि पीट सीगर मोटारीने न्यूयॉर्कहून ओक्लाहोमा व टेक्ससकडे गेले. सीगर तेव्हा एकवीस वर्षांचा, हार्वर्ड सोडून आलेला, बँजो वाजविणारा तरुण. दोघांची ओळख त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, स्थलांतरित शेतमजुरांच्या साहाय्यार्थ न्यूयॉर्कला झालेल्या एका कार्यक्रमात झाली होती. वाटेत मद्यगृहांतून गाऊन पेट्रोलचे पैसे मिळवावयाचे, ओळखीच्या कार्यकर्त्यांकडे उतरावयाचे, असा त्यांचा क्रम होता. ओक्लाहोमा शहरात बॉब व इना वुड ह्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या दांपत्याकडे ते राहिले आणि तेथेच कामगार स्त्रियांविषयीचे ‘युनियन मेड’ हे गाणे जन्माला आले. ज्या घरात उतरलो त्या घराच्या चळवळीला गाणे देऊन जावयाचे, ही गथ्रीची ऋणमोचनाची रीत येथे अगदी स्वच्छ दिसते. पुढे ते पॅम्पाला गेले. तेथे मेरीच्या आईने आपल्या जावयाला सोडून ह्या परक्या पोराला खांद्याला धरून हलविले आणि ह्या माणसाला माझ्या मुलीशी नीट वागावयास लाव असे बजावले, ही आठवण सीगरने पुढे सांगितली आहे. त्या घरी गाणे चालण्यासारखे नव्हते.

त्याच वर्षी वॉशिंग्टनला ॲलन लोमॅक्सच्या घरी राहत असताना गथ्री गादीवर न झोपता अंगातल्या जाड कोटासह जमिनीवर झोपे आणि टेबलाशी न बसता मोरीपाशी उभा राहून जेवी, असे लोमॅक्सने सांगितले आहे. लोमॅक्स हा काँग्रेस ग्रंथालयाच्या लोकगीतसंग्रहाचा तरुण अधिकारी. त्यानेच मार्च १९४० मध्ये गथ्रीचे गायन आणि बोलणे तासन्‌तास मुद्रित केले व आत्मकथन लिहिण्याचा आग्रह धरला. सुखासीनतेने आपण मऊ पडू अशी गथ्रीला भीती वाटे. ह्या वागण्यात थोडे नाटक असेल. पण यजमानाचे बिछाना-ताट नाकारण्यात यजमानाचे ऋण नाकारण्याचाही एक हट्ट असतो. उंबरठ्यावर उभे राहून सर्वांना ओळखता येते. आत बसल्यावर आपणही ओळखले जातो, आणि मग निघून जाणे अवघड होते.

ह्या उणिवेचे नेमके आकलन होण्यासाठी गिटार घेऊन हिंडणाऱ्या दुसऱ्या एका व्यक्तीचा ग्रंथ शेजारी ठेवणे उपयुक्त ठरेल. चिली देशाची व्हिओलेता पार्रा ही गथ्रीहून पाच वर्षांनी लहान. मद्यगृहांतून आणि तंबूंतून लोकप्रिय गाणी गाऊन तिने पुष्कळ वर्षे पोट भरले. १९५३ च्या सुमारास, आपला कवी भाऊ निकानोर ह्याच्या प्रोत्साहनाने, ती सांतियागोच्या आसपासच्या खेड्यांतून वृद्ध गायक-गायिकांची घरे शोधीत फिरू लागली. तिच्याही खांद्याला गिटार होती. परंतु दारात उभी राहून ती गाणे देत नव्हती, मागत होती. जी गाणी रात्र रात्र चालणाऱ्या धार्मिक जागरणांत, किंवा मेलेल्या तान्ह्या मुलाला देवदूतासारखे सजवून त्याच्याभोवती बसणाऱ्या मंडळींत म्हटली जात, ती आता म्हणणारे थोडे उरले होते. दहा ओळींच्या ‘देसिमा’ ह्या बंधातील ही कवने काहींना अर्धवट आठवत, काहींनी घरात मृत्यू घडल्यापासून टाकून दिलेली असत. अशा माणसाकडून गाणे मिळवावयाचे म्हणजे एका भेटीत भागत नाही; त्याच्या घरी पुन्हा पुन्हा जावे लागते, बसावे लागते.

ह्या भेटींतून तिने सिद्ध केलेला ‘कांतोस फोल्क्लोरिकोस चिलेनोस’ हा ग्रंथ रचनेनेच बोलका आहे. तो गाण्यांच्या प्रकारांनुसार लावलेला नाही. गाणी ज्यांनी दिली त्या माणसांनुसार लावलेला आहे. आधी माणूस येतो, त्याचे घर, त्याची बोलण्याची लकब, भेट कशी झाली ते येते, आणि मग त्याचे गाणे. पुएंते आल्तोचा इसाइआस आंगुलो, ज्याने तिला पंचवीस तारांचे ‘गितार्रोन’ हे वाद्य शिकविले. बार्रांकासची रोसा लोर्का, जी सुईण होती, औषधी जाणणारी होती आणि मृत बालकांना सजविण्याचे कामही करी. अशी माणसे त्यात स्वतःच्या नावाने उभी आहेत. पार्राचे गद्य गथ्रीइतके चैतन्यपूर्ण नाही. तिच्यात त्याचा विनोद नाही, गर्दी हाताळण्याची त्याची हातोटी तर मुळीच नाही. काही भेटी नोंदवहीच्या पलीकडे जात नाहीत. पण यजमानाला ती पुस्तकात आणून बसविते आणि स्वतः बाजूला होते. रेडिंगच्या तळावर गथ्री ज्या जागी उभा होता, गर्दीच्या मागे, ऐकत, ती जागा पार्राने आपले संपूर्ण पुस्तक लिहिण्यासाठी निवडली.

तिचेही घर होते, आणि त्याची किंमत तिने गथ्रीहून भारी मोजली. १९५५ मध्ये ती पोलंडमधील वॉर्सा येथे भरलेल्या युवक महोत्सवासाठी युरोपात गेली असता चिलीत ठेवून गेलेली तिची तान्ही मुलगी मरण पावली. पार्रा त्यानंतरही काही काळ युरोपातच राहिली. फिरत्या पुरुष गायकाला जे स्वातंत्र्य लोकांनी रंगेलपणा म्हणून माफ केले, ते फिरत्या स्त्रीला कोणी माफ करीत नाही हे खरे. तिने ते माफ करवून घेण्याचा प्रयत्नही केला नाही. देसिमा बंधात लिहिलेल्या आपल्या पद्यात्मक आत्मचरित्रात, जे तिच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये प्रसिद्ध झाले, तिने त्या मुलीच्या मृत्यूवर स्वतंत्र कवन रचले आहे. आणि ज्या छंदात खेड्यातील आया आपल्या मेलेल्या मुलांना निरोप देत, तोच छंद त्यासाठी वापरला आहे. रोसा लोर्कासारख्यांच्या घरी बसून जे ऐकले, ते येथे तिच्या कामी आले. यजमानांकडून मिळालेले गाणे तिने आपल्या घरावर म्हटले. गथ्रीच्या आत्मकथनात पॅम्पाचे घर जेथे कोरे राहिले, तेथे असे काही उमटणे शक्य होते, ही जाणीव दोन्ही पुस्तके एकत्र वाचताना टळत नाही.

गथ्रीच्या अखेरच्या वर्षांत भूमिका फिरल्या. आईचा विकार त्याच्यात उतरला होता. १९५६ पासून तो न्यू जर्सीतील ग्रेस्टोन पार्क रुग्णालयात होता, बोटे तारांवर ठरत नव्हती. पुढे काही काळ ईस्ट ऑरेंजचे ग्लीसन नावाचे दांपत्य त्याला रविवारी आपल्या घरी आणीत असे. तेथे तरुण गायक जमत, १९६१ मध्ये डिलनही आला, आणि गथ्रीला त्याचीच गाणी म्हणून दाखवीत. हे ऐकण्याविषयी त्याने काही लिहिले नाही. लिहिण्याची शक्तीच उरली नव्हती. तो ३ ऑक्टोबर १९६७ रोजी वारला. पार्रा त्याच वर्षी ५ फेब्रुवारीस गेली होती. तिचा यजमानांचा ग्रंथ तिने छापलेला पाहिला नाही. तो १९७९ मध्ये सांतियागोला निघाला. त्यात स्वरलेखन गास्तोन सुब्लेत ह्याचे आहे, छायाचित्रे सेर्खिओ लार्राइन व सेर्खिओ ब्राव्हो ह्यांची आहेत, आणि प्रत्येक गाण्यामागे ते म्हणणाऱ्याचे नाव आहे.